अर्जात वारलेली आई

बारकीच्या आईला मारलं ते आईच्या सख्ख्या भावानं. तेही तिच्यासमोर बसून, तिनंच केलेला चहा भुरके मारत पीत, आणि वर "ताई, साखरेला हात आखडलास का गं?" असं विचारत. कुणी अडवलं नाही. वडील वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते. आई कौतुकानं भावाकडे बघत होती. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती बारकी मुकाट्यानं लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिली. पुढे तिनं साऱ्या जगावर राग काढला खरा, पण त्यातला निम्मा राग त्या दिवशीच्या स्वतःच्या गप्प बसण्याचा होता.

बारकी हे नाव जन्मताना वजन भरलं नाही म्हणून पडलेलं. आता ती घरात सगळ्यांत उंच होती, पण नाव काही वाढलं नाही. तिला डोळे तपासायचं रीतसर शिक्षण घ्यायचं होतं. आई एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती, शाळा सुटली की बारकी तिथेच काउंटरमागच्या स्टुलावर बसून अभ्यास करायची, आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं तिला पाढ्यांच्या आधी पाठ झाली होती. या शिक्षणासाठी सगळ्यांत नावाजलेलं कॉलेज म्हणजे टेकडीवरचं. तिथे गुण तर सगळ्यांनाच असतात. निवड व्हायची ती अर्जातल्या एका निबंधावरून: 'आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग आणि त्यातून तुम्ही काय शिकलात, तीनशे शब्दांत लिहा.'

मामाचा धंदाच मुळी अर्जांचा. शाळेसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात, प्लायवूडच्या आडोशाला, 'प्रवेश मार्गदर्शन केंद्र'. तापलेल्या शाईचा, ओलसर गालिच्याचा आणि त्यावर मारलेल्या फुलांच्या स्प्रेचा असा मिळून तिथे एक वास कोंडलेला असे, आणि लहानपणापासून तिथे पाऊल टाकलं की बारकी नाक दाबून धरायची. मामा कागद उलटताना बोट जिभेला लावायचा आणि तेच ओलं बोट पोरांच्या गुणपत्रिकांवर फिरवायचा. पण त्याच्या हातून दरवर्षी वीस-पंचवीस मुलं मोठमोठ्या कॉलेजांत लागायची, तेव्हा त्या बोटाबद्दल बोलायची कुणाची छाती नव्हती.

बारकीनं निबंध स्वतः लिहिला होता. बारावीच्या आधी सायकलवरून पडून तिचा उजवा हात मोडला, मग तिनं डाव्या हातानं लिहायचा सराव केला आणि परीक्षा दिली, असा. मामानं तो वाचला आणि चहाचा कप खाली ठेवला.

"हात मोडला. बरं. मग जुळला ना?"

"हो."

"मग संपलं की! जुळलेल्या हाताचं समितीला काय? माणूस जायला पाहिजे, माणूस."

"आजी गेली ना दोन वर्षांपूर्वी," आई मदतीला धावली.

"आजीनं काही होत नाही ताई. आजी सगळ्यांच्याच जातात. आजी दिसली की ते पान उलटतात."

"मग हे चालतील?" आईनं हनुवटीनं वडिलांकडे खूण केली.

"मी इथेच बसलोय," वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"बाप यंदा फार झालेत," मामा विचारात पडून म्हणाला. एकदम त्याचा चेहरा उजळला आणि तो बहिणीकडे असा बघायला लागला, जणू ती त्याला आजच भेटली. "अगं ताई! तू चष्म्याच्या दुकानात, आणि पोरीला डोळ्यांचं शिकायचंय. अगं, किती छान जुळून आलंय बघ!"

आणि मग त्यानं तिला मारलं. डोळ्यामागे गाठ घातली, आधी एका डोळ्याची नजर घालवली, मग दुसऱ्याची. चष्म्याच्या दुकानात दुसऱ्यांना दृष्टी देणारी आई स्वतः आंधळी झाली, असं एक वाक्य टाकलं. शेवटच्या दिवशी तिला काहीच दिसत नव्हतं, तेव्हा 'तिने बोटांनी माझा चेहरा वाचला' असं लिहून तो थांबला, त्यानं ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं आणि स्वतःवरच खूश होऊन मान डोलवली. आईचे डोळे भरून आले.

"किती सोसलं रे मी," ती म्हणाली.

"दाखला मागितला तर?" बारकीनं एवढंच विचारलं.

"मेलेल्याचा दाखला मागायला जीभ रेटत नाही कुणाची," मामा म्हणाला. "त्यावर तर माझं दुकान चालतं."

बारकीनं निबंध पुन्हा वाचला. तो चांगला होता, हीच खरी पंचाईत होती. तिच्या मोडक्या हातापेक्षा शंभरपट चांगला. तिनं अर्ज पाठवायचं बटण दाबलं तेव्हा मामाचं बोट तिच्या बोटावर नव्हतं, हे तिला पुढे कितीही वाटलं तरी विसरता आलं नाही. वडिलांनी पालकाच्या रकान्यात सही केली आणि म्हणाले, "मला विधुर केलंत ते केलंत, एकदा विचारायचं तरी."

दोन महिन्यांनी निवड झाल्याचं पत्र आलं. बारकीनं उड्या मारल्या. अगदी मनापासून मारल्या, तेव्हा तिला कसलीही मळमळ झाली नाही, हेही सांगून टाकलेलं बरं. पत्राखाली लिहिलं होतं की निवड झालेल्यांनी मूळ कागदपत्रांसह एका पालकाला घेऊन परिचय दिवसाला यावं. वडील लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे, माणूस मितभाषी. "मी दुःखी चेहरा करून फिरणार नाही," म्हणाले आणि अवजारांची पेटी उचलून कामाला गेले. मग आईच तयार झाली. ती जाणार होती मावशी म्हणून. म्हणजे स्वतःचीच धाकटी बहीण म्हणून. तिनं त्यासाठी केसांची ठेवण बदलली, ओठांना जरा रंग लावला, आणि आरशात बघत म्हणाली, "मावशी जरा टापटीपच असते."

टेकडीवरचं कॉलेज चकचकीत होतं. फरशी अशी की आपलाच चेहरा खालून आपल्याकडे बघतोय. दालनात शिरल्याबरोबर समोर एक अख्खी भिंत, तिच्यावर 'अंधारातून उजेडाकडे' अशी अक्षरं, आणि खाली निवडक दहा निबंध मोठ्या अक्षरांत छापून, काचेत बसवून टांगलेले. तिसरा बारकीचा. आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पुटपुटत वाचायला लागली. स्वतःच्या मरणाचं वर्णन वाचताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघून बारकीच्या अंगावर शहारा आला. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाला महागातली फ्रेम पटली की आई असाच चेहरा करायची.

बारकीनं नजर पुढच्या निबंधावर नेली. तो कुणा मुलाचा होता. त्याचे वडील यकृताच्या आजारानं गेले होते आणि शेवटच्या दिवशी 'त्यांनी बोटांनी माझा चेहरा वाचला'. यकृताच्या आजारात माणूस बोटांनी चेहरा कशाला वाचेल, हे समितीतल्या एकाही विद्वानाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या निबंधासमोर एक जाडजूड गृहस्थ उभे होते. त्यांनी आईकडे पाहिलं, आईनं त्यांच्याकडे. दोघांची ओळख मामाच्या दुकानातल्या बाकावरची होती.

"तुम्ही कशानं?" गृहस्थांनी हळूच विचारलं.

"डोळ्यांनी," आई म्हणाली. "आणि तुम्ही?"

"यकृत. आज काका म्हणून आलोय."

"मी मावशी."

दोघं तोंडावर हात धरून हसली. तिथे, त्या भिंतीखाली, मेलेली दोन माणसं ज्यूसचे ग्लास हातात घेऊन खुसुखुसू हसत होती आणि बारकीला वाटलं, आपल्या अंगावर पाल पडली आहे आणि ती झटकायला हातच नाहीत.

तेवढ्यात प्रवेश समितीच्या बाई आल्या. उंच, रेशमी, गळ्यात चष्म्याची साखळी. त्यांनी बारकीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. त्यांचे हात क्रीम लावल्यामुळे ओलसर होते आणि त्यांनी ते सोडलेच नाहीत. "तुझा निबंध मी तीन वेळा वाचला," त्या म्हणाल्या. "तीनही वेळा रडले. अशा मुली आम्हाला हव्या असतात." कशा मुली, हे त्यांनी सांगितलं नाही, पण बारकीला कळलं. आई मेलेल्या.

"आणि या मावशी ना? आता तुम्हीच आईच्या जागी."

"काय सांगू बाई," आईनं पदर डोळ्यांना लावला, "माझी ताई म्हणजे देवमाणूस हो! कधी खोटं बोलली नाही, कुणाला लागेल असा शब्द काढला नाही. दुकानात तर लोक तिच्या तोंडाकडे बघून चष्मा घ्यायचे." आणि ती रडली. उगाच मुसमुसून नाही, चांगली धाय मोकलून. बाईंनी तिला खांद्यावर घेतलं. बारकी बघत राहिली. आपल्या आईत हे सगळं कुठे दडून बसलं होतं, आणि घरी ती खरोखर रडायची तेव्हाचं यातलं किती, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि काही केल्या जाईना.

बाईंनी एका मुलीला हाक मारली. दुसऱ्या वर्षातली, बारीक चणीची, छातीवर 'आधारसखी' असा बिल्ला लावलेली. "तुम्हां दोघींना वसतिगृहात एकच खोली दिली आहे," बाई म्हणाल्या. "तुमचं दुःख एक आहे. दोघी एकमेकींना सांभाळाल." आणि त्या आईला घेऊन चार पावलं पलीकडे गेल्या.

बिल्लेवाली मुलगी जरा अवघडून उभी राहिली. मग म्हणाली, "हे बिल्ल्याचं मनावर घेऊ नकोस. त्यांनी लावलाय म्हणून लावलाय. खोली चांगली आहे आपली, खिडकीत ऊन येतं."

"हो का."

"तुझी आई कधी गेली?"

"दोन वर्षं झाली," बारकी म्हणाली. मामानं दोनच ठरवली होती. एक फार ताजं वाटतं, तीन शिळं.

"माझी चार. नववीत होते." तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एक विचारू? हे इथे कुणाला विचारता येत नाही. तुला तिचा आवाज आठवतो?"

बारकीची नजर पलीकडे आईकडे गेली.

"म्हणजे चेहरा असतो फोटोत. पण आवाज नाही ना. माझ्याकडे एकही व्हिडिओ नाही तिचा. पहिलं वर्षभर आठवायचा. आता मी आठवायला बसले की माझाच आवाज येतो. तुला येतो का तिचा?"

चार पावलांवर आईचा आवाज चढला होता. ती बाईंना स्वतःच्या लहानपणच्या गोष्टी स्वतःच्या बहिणीच्या म्हणून सांगत होती.

"येतो," बारकी म्हणाली.

"नशीबवान आहेस," ती मुलगी म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेवा होता, साधा सरळ. "कसा होता गं?"

"बारके!" पलीकडून हाक आली. "इकडे ये लवकर, बाई फोटो काढतायत!"

"जा," मुलगी हसून म्हणाली. "छान आहेत मावशी तुझ्या."

बारकी फोटोला गेली नाही. ती स्वच्छतागृह शोधत गेली आणि तिथल्या त्या चकचकीत बेसिनमध्ये सकाळपासूनचं सगळं ओकली. तोंड धुतलं, वर बघितलं, आणि आरशातल्या तोंडाची तिला इतकी शिसारी आली की तिनं नळ पुन्हा सोडला. मामाची शिसारी आली, रडक्या बाईंची आली, पण सगळ्यांत जास्त त्या 'येतो' म्हणणाऱ्या जिभेची आली. मागून आई आली. "ज्यूस बाधलं का? मला तेव्हाच वाटलं, जास्तच गार होतं."

परतीच्या बसमध्ये आईनं ओठांचा रंग रुमालानं पुसून काढला.

"तू खरी रडलीस," बारकी म्हणाली.

"मग काय खोटं रडायचं?" आईला राग आला. "आलं बाई रडू. वाटलं, मी खरी जाईन तेव्हा कुणी माझ्याबद्दल एवढं चांगलं बोलणार आहे का? म्हटलं, आपणच बोलून घ्यावं."

"मी तिथे जाणार नाही, आई."

आईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर. तिला वाटलं, पोरीच्या पोटात बिघाड आहे, म्हणून काहीतरी बोलतेय.

बिघाड होताच. पण तो औषधानं जाणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी बारकीनं कॉलेजला ईमेल लिहिली. सगळ्यांत आधी मोठी लिहिली, मग खोडत खोडत एका ओळीवर आणली: 'माझ्या निबंधातील माहिती खोटी आहे, माझी आई जिवंत आहे, म्हणून मी प्रवेश सोडत आहे.' तीन दिवसांनी उत्तर आलं. समितीच्या बाईंनी स्वतः लिहिलं होतं. जवळचं माणूस गेल्यावर ते अजून आपल्यात आहे असं वाटणं अत्यंत स्वाभाविक आहे. बारकीनं मन मोकळं करावं, समुपदेशकांशी बोलावं. तिची जागा प्रेमानं राखून ठेवलेली आहे. बारकीनं ते दोनदा वाचलं आणि ती खो-खो हसत सुटली, आणि हसता हसता तिला पुन्हा उमळून आलं. या माणसांना खरंही सांगता येत नव्हतं. ते खरं घ्यायचे आणि त्याचाही रडका निबंध करून टाकायचे.

शेवटी तिनं प्रवेश रद्द करण्याचा छापील फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं 'वैयक्तिक'. तो मात्र एका दिवसात मंजूर झाला.

बिल्लेवालीला तिनं फोन केला. नंबर यादीत होता. "माझी आई आहे," ती म्हणाली. "ती मावशी नव्हती. ती आईच होती." मग ती मुलगी म्हणाली, "ती हाक मारत होती तो आवाज?" बारकी "हो" म्हणाली. फोन ठेवला गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, पण तेवढंही पदरात पडलं नाही.

घरात भडका उडाला तो वेगळाच. मामा तावातावानं आला, पहिल्यांदाच चहा न पिता बोलला. "माझं पंधरा वर्षांचं नाव बुडवायला निघालीस तू! सत्याची एवढी हौस होती तर आधी का नाही आली? सतरा पोरं आहेत माझी तिथे. एकानं तरी तोंड उघडलं का?" आणि आई, जी आयुष्यात कधी मामासमोर लेकीला बोलली नव्हती, ती म्हणाली, "मी तुझ्यासाठी मेले गं. कोणती आई मरायला तयार होते? आणि तू जागा लाथाडून येतेस?" वडील तेवढे वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "मला तर बरं वाटलं. मी परत संसारी झालो." त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आता सगळं पहिल्यापासून. टेकडीवरचं सुटलं होतं आणि उरलेल्यांत फक्त एका कॉलेजची मुदत शिल्लक होती. ते बसडेपोच्या मागे होतं, जुनं, भिंतींना डिझेलचा वास येणारं, कधीच कुणाच्या बढाईत न येणारं. पण डोळ्यांचं शिक्षण तेच. मुदत अकरा दिवसांची. ती चुकली की वर्ष फुकट, आणि वर्षभर मामाचं 'मी सांगितलं होतं' ऐकायचं. बारकी कामाला लागली. नवे फोटो काढले. शाळेत दाखल्याची दुसरी प्रत मागायला गेली तर कारकुनानं चष्म्यावरून बघत विचारलं, "परत? एकदा झालं होतं ना तुझं?" टेकडीवरून मूळ कागद परत यायला सहा दिवस गेले, आणि आले ते 'तुझ्या धैर्याला सलाम' अशा चिठ्ठीसकट. तिनं चिठ्ठीचे बारीक बारीक तुकडे केले.

या कॉलेजच्या अर्जातही एक पान लिहायचं होतं. वर छापलं होतं: 'या विषयाकडे तुम्ही का वळलात? खरे आणि थोडक्यात लिहा.' बारकी पेन घेऊन बसली आणि तिच्या लक्षात आलं की मामा तिच्या हातात शिरला आहे. दोन ओळी झाल्या की तिसरी आपोआप रडकी यायची. कुठे तरी थरथरणारे हात यायचे, कुठे ओघळणारा अश्रू. सगळं खोटं, सगळं तेलकट. तिनं चार पानं फाडली. पाचव्यावर तिनं जे झालं होतं तेच लिहिलं.

ती आठवीत असतानाची गोष्ट. शाळेच्या बसचा ड्रायव्हर आईच्या दुकानातून नवा चष्मा घेऊन गेला आणि आठवड्यात परत आला. डोकं दुखतं म्हणाला. आई म्हणाली, "नवा आहे, सवय होईल." तो पुन्हा आला, आई पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं गाडी जवळजवळ खांबावर घातली होती. बारकी स्टुलावर बसून त्याच्या चष्म्याकडे बघत होती. नंबराच्या कार्डावर उजवा डोळा जास्त कमजोर होता, आणि जाड काच होती डावीकडे. काचा उलटसुलट बसवल्या होत्या. ती तसं मोठ्यानं म्हणाली. आईनं गिऱ्हाइकासमोर तिला एक थप्पड मारली आणि ड्रायव्हरला पुन्हा सांगितलं, सवय होईल. तिसऱ्या दिवशी आईनं कुणाला न सांगता काचा बदलून आणल्या आणि चष्मा त्याच्या घरी नेऊन दिला. माफी मागितली नाही. 'आता सवय झाली ना?' एवढंच विचारलं. बारकीनं शेवटी लिहिलं की त्या दिवसापासून, कुणी डोकं दुखतं म्हणालं तर आधी काच तपासायची हे तिला शिकायचं आहे, आणि म्हणून हा अर्ज.

यात रडण्यासारखं काही नव्हतं. मामानं पाहिलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता.

अर्जाखाली सह्या हव्या होत्या. 'वडील, हयात असल्यास. आई, हयात असल्यास.' वडिलांनी सकाळी केली. दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती, म्हणून बारकी दुपारी दुकानात गेली. मालक जेवायला गेला होता, आई काउंटरवर फ्रेमा पुसत होती. मामाचा तमाशा झाल्यापासून ती बारकीशी कामापुरतंच बोलायची. तिनं हात पुसले, अर्ज घेतला, आणि सही करायच्या आधी ते पान वाचायला लागली. बारकीला वाटलं होतं, वाचणार नाही.

आईनं सावकाश वाचलं. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वरून सुरुवात केली. या वेळी तिच्या चेहऱ्यावर काचेतल्या निबंधासमोर होतं तसलं काही नव्हतं. ती एकदम थकलेली, पन्नाशीची, दिवसभर उभ्यानं काम करणारी बाई दिसायला लागली.

"त्याच्यात मी मेले होते," ती म्हणाली, "पण चांगली होते. याच्यात जिवंत आहे आणि खोटारडी."

बारकीनं पानाकडे हात नेला. "काढून टाकू का ते? सायकलचं लिहिते. हात मोडला ते."

दारातून एक गिऱ्हाईक डोकावलं, तिनं हातानंच त्याला थांबायला सांगितलं. तिची बारकीवरून नजर हलली नव्हती. सही केली नाही तर या पोरीला काही करता येणार नाही, हे तिला ठाऊक होतं, आणि बारकीलाही.

"मालकानं वाचलं तर मला ठेवणार नाही."

"माहितेय."

"माहितेय म्हणे." आईनं काउंटरवरचं पेन उचललं आणि पान पुन्हा स्वतःकडे ओढलं. मधल्या एका ओळीवर पेनाचं टोक ठेवलं. "हे काय लिहिलंयस? एक थप्पड?"

"हो."

"दोन मारल्या होत्या. दुसरी घरी आल्यावर, दार लावून. तेव्हा बघायला गिऱ्हाईकही नव्हतं कुणी." तिचा आवाज फाटला, पण पेन थांबलं नाही. "तू विसरलीस. मी नाही विसरले."

तिनं 'एक' खोडलं, वर 'दोन' लिहिलं, आणि खाली आईच्या रकान्यात आपलं पूर्ण नाव घातलं.